वाट वाकडी करायला लावणारे खेळ



अध्यक्षानं दिशा दाखवावी अशी आपल्याकडे प्रथा आहे. आज मी मात्र खेळांतल्या दिशा दाखवणाऱ्या बाणाबद्दलच तक्रार करणार आहे, तेव्हा संयोजकांनी आधीच माफ करावं.

२००२ साली 'मॉरोविंड' हा व्हिडिओ गेम आला. त्याच्या मॅपवर तुमच्या कामाची जागा दाखवणारी खूण नव्हती. काम देणारं पात्र तोंडी पत्ता सांगायचं: पूल ओलांडा, फाट्यावर अमुक बाजूला वळा, टेकडीच्या कडेनं जा. पत्ता कधीकधी चक्क चुकीचा निघायचा आणि आम्ही त्या पात्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. २००६ मध्ये त्याच कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' काढला. त्यात होकायंत्रावर खूण आली, खेळाडूंची सोय झाली आणि पात्रं काय बोलतात ते ऐकायची गरज संपली.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नवं नाही. वाडीतले आजोबा सांगतात, 'आंब्यापासून खाली उतरा, ढोरवाटेला लागू नका, टाकं डाव्या हाताला ठेवा.' मग आपण आंबा शोधतो, टाकं शोधतो. त्या शोधाशोधीत डोंगर बघून होतो. फोनवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालणारा गडावर पोचतो खरा, पण त्याला मधलं काही विचारू नका.

बोट धरून नेण्याचं हे पाप खेळ बनवताना मीही केलं आहे. एका खेळात आम्ही मॅपभर खुणा पेरल्या होत्या. चाचणीला आलेला एक मुलगा दोन तास खेळला. नदी कशी वाटली, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, 'नदी होती?' तिच्या पाण्यावर आम्ही चार महिने घालवले होते.

म्हणून निन्टेन्डोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'कडे (२०१७) मी पुन्हापुन्हा वळतो. अंतरांचा अंदाज यावा म्हणून त्या मंडळींनी आपल्याच क्योतो शहराचा नकाशा समोर ठेवला होता. त्यांची खरी करामत आहे त्रिकोणात. डोंगर, टेकाड, खडक, सगळ्यांची घडण त्रिकोणी. त्रिकोण समोर आला की चढायचं की वळसा घालायचा, हे खेळाडूनं ठरवायचं. शिवाय त्याच्या उतारामागे काहीतरी लपतं आणि तुम्ही पुढे सरकाल तसं हळूहळू डोकावू लागतं. मोठा त्रिकोण लांबून खुणेचा, मधला नजर अडवणारा, लहान चालीला ताल देणारा. निघालेले असता किल्ल्याकडे, मध्येच एक माथा दिसतो, वाट वाकडी होते आणि तासाभरानं आठवतं की आपण किल्ल्याकडे निघालो होतो. आपल्याकडे रानात वाट चुकवणाऱ्याला चकवा म्हणतात. हा भला चकवा.

याच खेळात कोरोक नावाच्या ९०० बिया लपवल्या आहेत. सामानाची जागा पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. तरीही कुणी सगळ्या गोळा केल्याच, तर बक्षीस म्हणून सोनेरी विष्ठेच्या आकाराची एक वस्तू मिळते! गोळा करण्याच्या हव्यासावर इतकी नेमकी टीका मी समीक्षेतही वाचलेली नाही.

पण नुसत्या भूगोलानं भागत नाही, गोष्टही लागते. 'द विचर ३'मध्ये (२०१५) नायक गेराल्ट आपल्या मानसकन्येच्या, सिरीच्या शोधात वेलेन प्रांतातल्या एका बॅरनकडे जातो. माहिती हवी तर माझी बायको आणि मुलगी शोधून दे, असा बॅरनचा सौदा. साधं काम वाटतं. हळूहळू उलगडतं, की दारू पिऊन बायकोला मारणारा हाच, आणि तिचा गर्भ पडला तोही याच घरात. त्या न जन्मलेल्या जिवाचं पिशाच झालेलं असतं. शाप उतरवायचा असेल तर बॅरननं त्याला कुशीत घेऊन अंधारातून चालायचं, नाव द्यायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. मॅपवर ही वाट काही पावलांची आहे. मी ती चाललो तेव्हा कंट्रोलर घामानं ओला झाला होता. आणि याच खेळात स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रावर मॅपमध्ये प्रश्नचिन्हांचा सडा पडलाय, बहुतेकांखाली तस्करांची तरंगती पिंपं आणि पेट्या! एकाच मंडळींच्या हातून दोन्ही घडलं, याचा मला दिलासा वाटतो.

'आउटर वाइल्ड्स'नं (२०१९) तर बक्षिसांचा प्रश्नच निकालात काढला. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, तुम्ही मरता, पुन्हा जागे होता. तलवार नाही, लेव्हल नाही. वाढतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. बंद वाटणारी जागा उघडते ती किल्लीनं नाही, एखादी गोष्ट लक्षात आल्यामुळे.

आता घरची गोष्ट. आपल्याकडे खेळ बनवताना लेखकाला बोलावतात ते मॅप तयार झाल्यावर, 'जरा संवाद भरून द्या' म्हणायला. तोवर टेकड्या जागच्या जागी बसलेल्या असतात. वाटेवर वड आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं पात्राच्या तोंडी पत्ता काय घालायचा? त्याला पहिल्या दिवशी बसवा आणि वड कुठे लावायचा यावर भांडू द्या.

दुपारच्या सत्रात काही तरुण मंडळी आपले अर्धेमुर्धे खेळ दाखवणार आहेत. त्यांनी मॅपवरच्या खुणा बंद ठेवूनच आम्हाला खेळायला द्यावं, अशी माझी विनंती आहे. आम्ही चुकलो तर चुकू. तोवर जेवणं झालेली असतील, कुणाला घाई नसेल.