घरची मराठी आणि मुलांची वाणी

(ज्युबिलीनिमित्त गोरेगांव येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



रविवारीं मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारांत आजी मराठींत विचारते, नातू इंग्रजींत उत्तर देतो, आणि कोणासहि त्यांत वावगें वाटत नाहीं. नातवाला मराठी समजते. बोलतां मात्र येत नाहीं. समजणें व बोलणें यांत हें अंतर कां पडतें, याचा आज विचार करूं.

आपल्या साष्टी बेटावर १५३४ पासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. सरकारी भाषा पोर्तुगीज, उपासनेची लॅटिन. तरीहि आपल्या गांवठाणांतून मराठी टिकली. कारण ती शेतावर, चुलीपाशीं आणि उंबराच्या पाण्याच्या गाण्यांत रोज बोलली जात होती. १८८७ सालीं आपण ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें, तें नांवच काय तें इंग्रजी होतें. जें राज्यकर्त्यांस दोनशें वर्षांत साधलें नाहीं, तें आतां शाळेच्या धास्तीनें आपण स्वहस्तें करीत आहों!

‘दोन भाषांनीं मूल गोंधळतें, उशिरां बोलूं लागतें,’ हा समज खरा नाहीं. अशा मुलाचे शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतील मिळून मोजावे. एकाच भाषेचे मोजल्यास तें उगाच मागें पडलेलें दिसतें. एका वाक्यांत दोन भाषा मिसळणें हाहि दोष नव्हे. मात्र दोन वर्षांचें मूल कोणत्याच भाषेंत दोन शब्द जोडीत नसेल, तर मराठीवर ठपका न ठेवतां त्यास डॉक्टरांस दाखवावें.

बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतांत शाळेची भाषा डच. तेथें ॲनिक डी हौवर या विदुषीनें घरांत दुसरीहि भाषा असलेल्या सुमारें १,९०० कुटुंबांची पाहणी करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ चौथाई कुटुंबांत मुलें ती दुसरी भाषा बोलतच नव्हतीं. आईबाप दोघेंहि ती बोलत व डच फार तर एकजण बोले, अशा घरांत ती बहुधा टिकली होती. एकानें एक व दुसऱ्यानें दुसरी भाषा बोलावी, ही आपल्याकडे फार वाखाणलेली युक्ति तेथें चारांपैकीं सुमारें तीन घरांतच फळली. शाळेची भाषा दाराबाहेर मुबलक मिळते. घरच्या भाषेचा झरा घरांतच असतो.

‘मोबाईलवर मराठी गाणीं लावतों,’ असें कांहीं माता सांगतात. अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल यांनीं नऊ महिन्यांच्या बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविली. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळविणाऱ्या माणसाकडून बालकें त्या भाषेचे ध्वनि ओळखण्यास शिकलीं. तेंच चित्रफितीवर पाहणारीं कांहींच शिकलीं नाहींत. आजीचें काम यंत्रास जमत नाहीं, तें असें.

तेव्हां मुलाशीं मराठींत बोलावें, आणि उत्तराची वाटहि मराठींतच पाहावी. तें अडल्यास शब्द पुरवावा, पण हंसूं नये. आपल्याच बोलीला ‘गांवठी’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यांतच पुष्कळ आहेत. त्यांच्या एका हंसण्यानें मूल कायमचें गप्प बसतें. थोरलें भावंड शाळेंत जाऊं लागलें कीं इंग्रजी घरांत येते व धाकट्याची मराठी आटते. अशा घरीं रात्रीं जेवणें झाल्यावर धाकट्याला मराठींत गोष्ट सांगण्याचें काम थोरल्याकडेच द्यावें.