सोल्डर किती अंशांना वितळते?

भिवंडीत आमच्या बचत गटात आम्ही एलईडी बल्ब जोडतो. नवीन आलेली प्रत्येक जण विचारते, ही सोल्डरची तार इतकी पटकन वितळते कशी?

कथील, म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तेच, 232 अंश सेल्सिअसला वितळते. शिसे 327 ला. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे एकत्र केले की 183 लाच पाणी! निवतानाही ते एकदम घट्ट होते. 60-40 च्या तारेत मध्ये थोडा वेळ लापशीसारखे राहते. तेवढ्यात हात हलला की ड्राय सोल्डर. असा बल्ब आपल्याकडे पेटतो, गिऱ्हाइकाच्या घरी लुकलुकतो, आणि परत आलेल्या बल्बची मजुरी कोण देणार? म्हणून रिळावरचे आकडे वाचूनच तार घ्या.

बिनशिशाची तार साधारण 217 ते 227 ला वितळते. आयर्न जास्त तापवावे लागते, तार महागही पडते. तरी घरात लहान मुले असतील तर तीच घ्या, असे आम्ही सांगतो. धूर दिसतो तो राळेचा. तोही दम्याला वाईट, खिडकी उघडी ठेवा. शिसे मात्र बोटांना लागून पोटात जाते. काम संपले की आधी साबणाने हात धुवायचे, मग कणीक मळायला घ्यायची.