न्यूट्रल वेगळी, आर्थिंग वेगळे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही शिकलो शेतकी कॉलेजात, वीज हा आमचा विषय नव्हे. पण आपल्याच भागभांडवलावर जिन उभे करू, दालमिल टाकू, अशी चर्चा आज सकाळपासून चालली आहे. मालक व्हायचे तर भिंतीतल्या वायरीही मालकाला कळल्या पाहिजेत.

एक सवय सगळ्यांच्या ओळखीची आहे. शेतात फेज आहे, न्यूट्रल नाही. मग जमिनीत सळई ठोकायची आणि तिच्यावर बल्ब लावायचा. बल्ब लागला की आपण खूश! पण सळईची वायर सुटली आणि कुणी ती हातात धरली, तर बल्बमधून आलेला करंट त्या माणसातून जमिनीत जातो.

डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट. न्यूट्रल ही करंटची परतीची वाट, तिच्यातून रोज करंट वाहतो. आर्थिंग म्हणजे खळ्यावरचा जागल्या. त्याला रोजचे काम नाही. फेज मोटारीच्या अंगाला लागली, की त्याने करंट झटक्यात परत न्यायचा आणि फ्यूज उडवायचा.

हे काम नुसत्या मातीला जमत नाही. हिशेब करा. दोन्हीकडच्या आर्थिंगचा मिळून 20 ओहम अडथळा धरला, तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर. 30 अँपियरचा फ्यूज उडणारच नाही आणि मोटारीचे अंग जिवंत राहील. तेच आर्थिंगची धड तार ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत नेली आणि अडथळा 1 ओहम राहिला, तर 230 अँपियर. फ्यूज तत्काळ जातो. आपली काळी जमीन वैशाखात भेगाळते तेव्हा हा अडथळा आणखी वाढतो, हे मात्र आम्ही शेतकीवाले छातीठोक सांगू शकतो.

मग काही वायरमन म्हणतात, दोन्ही तारा शेवटी एकच, जोडून टाका मशीनपाशी. भावांनो, ही जोड फक्त उगमाशी, ट्रान्सफॉर्मरपाशी असावी. पुढे रेच्यापाशी जोडली, तर रोजचा करंट शेडच्या लोखंडातून, पत्र्यातून फिरू लागतो. ढिल्या सांध्यावर ठिणगी पडते. भोवती रुई असते. वर्षाची कमाई जळायला एक ठिणगी पुरते. आणि मागे न्यूट्रल तुटली, तर ऑफिसातल्या बल्बमधून आलेला करंट थेट रेच्याच्या अंगावर येऊ शकतो.

न्यूट्रल तुटण्याचा आणखी एक ताप. एका फेजवरचे दिवे मंद होतात, दुसऱ्यावरचे भगभगून जळतात, कारण व्होल्टेज 230 वर न राहता 400 कडे चढते. म्हणून न्यूट्रलमध्ये एकट्या तिच्यासाठी फ्यूज घालू नये.

तेव्हा जिनचा ठराव करताना चार अटी लिहून घ्या. दोन्ही तारा शेवटपर्यंत वेगळ्या. प्रत्येक मोटारीला आर्थिंगची सलग तार. हाती धरायच्या यंत्रांना आणि ऑफिसच्या प्लगांना 30 मिलिअँपियरवर तुटणारा गळती-स्विच. आणि दर उन्हाळ्यात मीटर लावून आर्थिंगची तपासणी. आकडा वहीत, खाली सही.

वजनकाट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तेवढेच लक्ष या दोन तारांवर ठेवू.