कोमोरोसचा तिसरा सामना



“आपण थोडे, आपल्यापाशी साधने नाहीत,” ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. हिंदी महासागरातील कोमोरोस हा चिमुकला मुस्लिम देश १९७५ साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. २००५ साली तो फिफाचा सदस्य झाला. प्रशिक्षक अमीर अब्दू यांनी फ्रान्समध्ये वाढलेली कोमोरी मुले जमवून संघ बांधला.

जानेवारी २०२२ मध्ये हा संघ प्रथमच आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळला. पहिले दोन्ही सामने तो हरला. तिसऱ्यात मात्र त्याने चार वेळच्या विजेत्या घानाला ३-२ असे नमविले! पुढे यजमान कॅमेरूनशी गाठ पडली, तेव्हा खेळण्याजोगा एकही गोलरक्षक उरला नव्हता. बचावपटू शाकेर अलहदूर गोलात उभा राहिला. कर्णधार सातव्याच मिनिटाला बाहेर गेला. तरी दहा जणांनी झुंज दिली आणि हार झाली ती केवळ २-१ अशी.

पालकहो, दहावीत एकदा नापास झालेल्या मुलाला लगेच कामाला लावू नका, मुलीची शाळा सोडवू नका. त्यांना पुन्हा परीक्षेला बसवा. दोन सामने हरल्यावर कोमोरोसनेही तिसरा खेळूनच जिंकला.