पाणीवाली बाई विधानसभेत जाते तेव्हा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'महिला आणि राजकारण'. तो धरून बसले तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून मी एकाच बाईंबद्दल बोलणार आहे, मृणाल गोरे. पन्नाशीच्या पुढच्या मावश्यांनी नाव ऐकलं असेल. माझ्या वयाच्या मुलींनी बहुतेक नाही. मीही समाजकार्य शिकायला गेले तेव्हाच ऐकलं.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. नवरा केशव गोरे, तेही कार्यकर्तेच. १९५८ ला ते वारले. मृणालताई तेव्हा तिशीच्या आणि मुलगी लहान. आपल्याकडे अशा बाईला लोक काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या मुंबईच्या गोरेगावात पाण्यासाठी बायकांचे मोर्चे काढत राहिल्या. १९६१ ला महानगरपालिकेत नगरसेविका झाल्या. पाणी हाच मुद्दा त्यांनी इतका धरून ठेवला, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. हे नाव पक्षाने दिलेलं नाही, हंडा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी दिलेलं आहे.

१९७२ ला त्या विधानसभेत निवडून गेल्या. हे साल मावश्यांना सांगायला नको, मिलो आणि सुकडीचं साल. तेव्हा २७० आमदारांपैकी २२२ एकट्या काँग्रेसचे होते. समाजवादी पक्षाचे फक्त तीन. हात वर करून मतदान घेतलं तर यांचं काहीच चालणार नाही. मग सभागृहात जाऊन करायचं काय? तर प्रश्न विचारायचा. आमदाराने रीतसर प्रश्न दिला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते कागदावर राहतं. त्या उत्तरामागे बाहेर हजारो बायका उभ्या असल्या, तर मंत्र्याला ते नीट द्यावं लागतं.

बाहेरच्या बायकाही त्यांनी उभ्या केल्या. त्याच वर्षी 'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती' निघाली. त्यात समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर एकत्र. तेल, साखर, रॉकेल मिळेना, म्हणून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका मोर्चात! इथे दोन गटांना एका सतरंजीवर बसवायला मला दोन महिने लागतात. (हसू नका, कोणते दोन गट ते मी सांगणार नाहीये.)

पुढे आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, नंतर जेलमध्ये गेल्या. १९७७ ला लोकसभेवर निवडून आल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाचीच.

मला मुख्य सांगायचंय ते १९८५ नंतरचं. त्या पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. तेव्हा मुंबईत गर्भजल तपासून मुलगा की मुलगी ते सांगायचा धंदा जोरात होता. आत्ता थोडे पैसे घाला आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा जाहिराती उघड उघड लागत. सरकारने मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करून घेतली, त्यातले ४२ जण ही तपासणी करत होते. शिकलेले डॉक्टर आणि पैसेवाली घरं. हे खेड्यातल्या अडाणी लोकांचं काम असतं असं कोणी म्हटलं, की मी हा आकडा सांगते.

१९८६ ला मृणालताईंनी या तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. म्हणजे सरकारने नाही, एका आमदाराने स्वतः आणलेला कायद्याचा मसुदा. अशी विधेयकं पास होणं फार अवघड, कारण मतं सरकारकडे असतात. बाहेर महिला संघटना, काही डॉक्टर, पत्रकार यांनी हाच विषय लावून धरला होता. शेवटी १९८८ ला सरकारने स्वतःचा कायदा आणला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. १९९४ ला दिल्लीने सगळ्या देशासाठी केला.

बघा, पास झालेलं विधेयक मृणालताईंचं नव्हतं, सरकारचं होतं. मला यात त्यांचा पराभव दिसत नाही. आपल्याकडे ठराव कोणी मांडला यावरून ठरावच बारगळतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पण कायदा झाला म्हणून काम झालं नाही. त्यात पळवाटा होत्या, संघटनांनी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. लेखी कायदा एकीकडे आणि सोनोग्राफीची खोली दुसरीकडे. त्या खोलीत सुनेला घेऊन कोण जातं, हे आपल्या बैठकीत आपण अजून मोकळेपणाने बोललेलो नाही. बोलायला लागेल.

मृणालताई १७ जुलै २०१२ ला गेल्या. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर २१ बायका निवडून आल्या. ग्रामपंचायतीत मात्र २०११ पासून निम्म्या जागा आपल्या. तरी खुर्चीवर कोण बसतं? काही गावांत सरपंचताईंचा फोनसुद्धा नवराच उचलतो.

आता कामाचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यात आहे. अनेक गावांत काय होतं, तर रजिस्टर घरी येतं, चुलीपुढे सही होते आणि महिला सभा 'झाली'. यापुढे अशी सही करू नका. सभा किती वाजता, कुठे, ते विचारा. पाण्याचा प्रश्न मांडला तर तो इतिवृत्तात लिहिला का, ते तिथेच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा.

येत्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या गावच्या मागच्या महिला सभेच्या इतिवृत्ताची नक्कल ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून मागायची आहे. अर्जाची पोच घ्या. नक्कल मिळाली तर ती आणा, नाही मिळाली तर पोच आणा. पुढच्या बैठकीत सगळ्या गावांचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचू.