नाक्यावरचा अनामिक



दादरचा फूलबाजार असो, पुण्याची सदाशिव पेठ असो वा ठाण्याचा जांभळी नाका असो. रहिवाशांच्या रोजच्या परिचयाचा एक माणूस रस्त्याच्या कडेला हमखास दिसतो. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हाळ्यातही अंगावर एकावर एक चढविलेले सदरे, काखेत गाठोडे आणि ओठांवर स्वतःशीच चाललेली बडबड. टपरीवाला त्याला सकाळी चहा देतो, एखादी गृहिणी पोळी-भाजी ठेवून जाते, मुले त्याला टोपणनावाने चिडवितात. अशी कित्येक वर्षे जातात. एके दिवशी ती जागा रिकामी दिसते आणि त्याला रोज पाहणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकालाही त्याचे खरे नाव सांगता येत नाही.

याला परिचय म्हणावे काय? नवी वस्तू डोळ्यांत भरते. रोजची वस्तू समोर असूनही दिसेनाशी होते. माणसाच्या बाबतीत मात्र या सवयीची किंमत फार मोठी असते.

१९८८ साली मुंबईत डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य एका उपाहारगृहात बसले होते. समोरच्या रस्त्यावर एक कृश तरुण करवंटीने गटारातील पाणी पीत होता. इतरांनीही ते दृश्य पाहिले असेल. हे दोघे उठले. त्याला त्यांनी आपल्या रुग्णालयात नेले, स्नान घातले, औषधोपचार केले. तो बरा झाल्यावर कळले की, हा आंध्र प्रदेशातील विज्ञानाचे शिक्षण घेतलेला तरुण आहे. त्या एका उठण्यातून ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली. २००६ साली कर्जत येथे तिचे केंद्र सुरू झाले. उपचारानंतर हजारो रुग्ण आपापल्या घरी पोहोचले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रस्त्यावरचा प्रत्येक निराधार मनोरुग्ण नसतो. अनेकांना दारिद्र्याने तेथे आणलेले असते. परंतु ज्याला स्किझोफ्रेनियासारखा विकार जडला आहे, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, आप्तांविषयीही संशय वाटतो. भ्रमाच्या भरात तो घर सोडतो, मिळेल त्या गाडीत बसतो आणि जिथे त्याची भाषाही कोणाला कळत नाही, अशा शहरात उतरतो. हा आळस नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे आणि नियमित औषधांनी असंख्य रुग्ण सावरतात. तिकडे दूरच्या गावी त्याची आई दाराकडे डोळे लावून बसलेली असते.

कायद्यानेही या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मार्गदर्शनासाठी १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? प्रथम, मुलांना त्याची टवाळी करू देऊ नये. थोडे अंतर राखून, शांतपणे, शक्य तर त्याच्याच भाषेत नाव व गाव विचारावे. उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही. कदाचित महिन्याने एखादा शब्द मिळेल. तो लिहून ठेवावा. जबरदस्तीने केस कापू नयेत, जमाव करू नये. दोघा-चौघांनी मिळून पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. पोळी देणाऱ्या हाताचे पुण्य कमी नाही. पण पोळीने एक दिवस निभावतो, उपचाराने आयुष्य परत मिळते.

अंगावर चिंध्या आणि हाती फुटके गाडगे घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनाही अनेकांनी प्रथमदर्शनी वेडा भिकारीच मानले होते. वेशावरून माणूस जोखण्याची चूक हा समाज पूर्वीही करीत आला आहे. ती सुधारण्याची संधी मात्र रोज सकाळी, दूध आणायला जाताना, नाक्यावरच भेटते. उद्या तेथे क्षणभर थांबावे आणि त्याला एवढेच विचारावे, “बाबा, तुमचे नाव काय?”