बोलावणं येतं तेव्हा

बचत गटाच्या बैठकीत हप्ते, कर्ज आणि वहीवरच्या सह्या यांच्यापलीकडे काय बोललं जातं, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगू, सगळं बोललं जातं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस आमच्या कल्याणच्या बैठकीत अर्धा तास भांडण झालं, तेही क्रिकेटवरून. आज त्या भांडणाची गोष्ट सांगतो, कारण ते आमच्याच घरात येऊन थांबलं.

महिलांचा विश्वचषक तेव्हा आपल्याकडे सुरू होता. सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे ठाण्याहून लोकलने जाण्याच्या अंतरावर. २६ तारखेच्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात आपली सलामीची फलंदाज प्रतिका रावल हिचा पाय दुखावला. तिने तोवर स्पर्धेत तीनशेच्या वर धावा केल्या होत्या. उपांत्य सामना चार दिवसांवर आला होता. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं. शफाली वर्षभर एकदिवसीय संघाच्या बाहेर होती.

झालं, आमच्यात दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "हा कुठला न्याय? राखीव यादीत आपल्या महाराष्ट्राची तेजल हसबनीस होती. ती वाट बघत थांबली होती, तिला डावलून यादीबाहेरची मुलगी आणायची?" मुद्दा खोटा नव्हता. रांगेत उभं राहणाऱ्या बाईला रांगेचं महत्त्व कळतं. दुसरी ताई म्हणाली, "शफाली घरी बसली नव्हती हो. सुरतला हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. हातात बॅट होती तिच्या. मोठ्या सामन्यात ऐनवेळी सलामीलाच माणूस हवा, तर सलामीचीच बोलवणार ना?"

मग गाडी वळली जेमिमा रॉड्रिग्जकडे. आपल्या मुंबईची ही मुलगी अंगाने लहानखुरी. शाळकरी वयात ती महाराष्ट्राच्या वयोगट संघांतून हॉकीही खेळली आहे. २०२२ च्या विश्वचषकाला तिला घेतलं नव्हतं आणि या वेळीही इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात बाहेर बसवलं होतं. "एवढीशी ती, ऑस्ट्रेलियाच्या त्या धिप्पाड मुलींपुढे काय टिकणार?" असं आमच्यातल्याच एकीने म्हटलं आणि बाकीच्या हसल्या. आम्हीही हसलो, हे कबूल करतो.

३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता. जेमिमाने १२७ धावा केल्या आणि शेवटपर्यंत नाबाद राहिली. त्या खेळीत १४ चौकार होते आणि षटकार एकही नव्हता. मैत्रिणींनो, हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतो. ताकदीने चेंडू गॅलरीत फेकणं हा धावा करण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. मोकळी जागा बघून चेंडू ढकलणं, एकाच्या दोन धावा पळणं, दमलेल्या अंगाने आणखी एक षटक उभं राहणं, यात उंचीचा काय संबंध? सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर दोघंही साडेपाच फुटांच्या आसपासचेच.

२ नोव्हेंबरला अंतिम सामना झाला. पावसामुळे तो उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. आम्ही कोळसेवाडीत एकीच्या घरी दहा-बाराजणी टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलो होतो. शफालीने ८७ धावा केल्या. नंतर कर्णधार हरमनप्रीतने एकदिवसीय सामन्यात क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या याच मुलीच्या हातात चेंडू दिला आणि तिने दोन बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेवर आपण ५२ धावांनी जिंकलो. सामन्याची मानकरी शफाली ठरली. प्रतिका व्हीलचेअरवर बसून जल्लोषात आली, तेव्हा आमच्या खोलीत कुणी बोलेना. एकीची संधी दुसरीच्या दुखापतीतून आली होती, आणि दोघी एकाच झेंड्याखाली हसत होत्या.

त्या रात्री प्रशिक्षक अमोल मुझुमदारही आम्ही बघितले. १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर. तरीही भारतीय संघाचं बोलावणं त्यांना कधी आलं नाही. ज्याला स्वतःला बोलावणं आलं नाही, त्याच्या हाताखाली ऐनवेळी बोलावलेली मुलगी विश्वचषक जिंकून देते, यावर आणखी काय बोलायचं?

आता आमच्या घरातली गोष्ट. गटातल्या एका ताईची मुलगी यष्टिरक्षण करते. तेरा वर्षांची आहे. एका निवड चाचणीत तिला सांगितलं, "उंची वाढू दे, मग ये." तिने किती झेल पकडले, हे कुणी लिहूनही घेतलं नाही. मुलगी घरी आली आणि ग्लोव्ह्ज माळ्यावर गेले. आईला वाटलं, बरं झालं, संध्याकाळी क्लासला तरी जाईल. आम्हालाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

अंतिम सामन्यानंतरच्या बैठकीत हीच ताई उठून म्हणाली, "शफालीला बोलावलं तेव्हा ती सुरतच्या मैदानात होती म्हणून बोलावणं लागू पडलं. माझी मुलगी माळ्यावर आहे." त्यानंतर कर्जाचा विषय निघायला बराच वेळ लागला.

आपल्या डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे आठवतो का? लोकलच्या गर्दीत किटची बॅग सांभाळत मुंबईच्या मैदानांवर जाणारा, तोही अंगाने लहानच. २०११ मध्ये कसोटी संघात घेतलं, पण खेळायला मिळालं मार्च २०१३ मध्ये. तोवर तो बाहेर बसून होता. पहिल्या कसोटीत धावा केल्या ७ आणि १. तिथे थांबला असता तर २०१४ चं लॉर्ड्सचं शतकही नाही आणि २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या नेतृत्वाखाली जिंकलेली मालिकाही नाही.

मुलाची बॅग लोकलमध्ये चढते, मुलीची माळ्यावर जाते. तिला खेळता येत नाही म्हणून नव्हे. सरावाहून परत येताना अंधार पडतो, सोबतीला कुणी नसतं, आणि कुणीतरी "उंची कमी" म्हणालं की आपल्याला ते निमित्त पुरतं. निवड करणारे चुकतात, ते आपल्या हातात नाही. पण ते दुसऱ्यांदा बघायला येतील तेव्हा मुलगी मैदानात असेल की नाही, हे बरंचसं आपल्या हातात आहे.

आम्ही ठराव वगैरे केला नाही. वाटून घेतलं, एवढंच. सोमवारी एकीने, बुधवारी दुसरीने, शुक्रवारी तिसरीने मुलीला सरावाहून घरी आणायचं. क्लासच्या बाईंशी बोलून वेळ बदलून घेतली. ग्लोव्ह्ज माळ्यावरून उतरले, ते लहान झाले होते. उंची नाही, पण हात वाढले होते तिचे! नवे ग्लोव्ह्ज आईने गटातून छोटं कर्ज काढून घेतले. हप्ता वेळेवर येतो.

तिची निवड अजून झालेली नाही. होईलच, असं आम्ही सांगणार नाही. न्यायाचा मुद्दा काढणाऱ्या त्या काकू आजही म्हणतात की रांगेतल्या मुलीवर अन्यायच झाला, आणि त्यांचं म्हणणं आम्ही सोडून दिलेलं नाही. मात्र शुक्रवारी मुलीला आणायला मैदानावर जातात त्या याच काकू.

तुमच्या वस्तीतल्या मैदानावर संध्याकाळी किती मुली असतात, ते एकदा बघून या. ज्या येईनाशा झाल्या, त्यांच्या घरी जाऊन विचारा.